अरविंदच्या बसमधली गळती

अरविंदच्या बसमधली हवा मी घालवली होती.

हे एवढंसं वाक्य लिहायला मला सात वर्षं लागली. या सात वर्षांत घरच्या प्रत्येक समारंभात कोणीतरी तो बसचा किस्सा काढतं, सगळे हसतात, अरविंदही हसतो आणि मी नेमका तेव्हाच पाणी प्यायला आत जातो. (इतकं पाणी प्यालो की डॉक्टर म्हणतात, या वयात तुमची मूत्रपिंडं इतकी छान कशी!) आता शहात्तर पूर्ण झाली. म्हटलं, खरं काय ते एकदाचं कागदावर येऊ दे.

अरविंद म्हणजे माझ्या बायकोचा, सुनंदाचा, धाकटा भाऊ. राहायला भांडुपला आणि साकीनाक्याला त्याचा एक छोटा गाळा. त्या गाळ्यात तो काय बनवतो? हवेच्या नळ्यांचे सांधे! कारखान्यांत यंत्रांपर्यंत दाबाची हवा नेणाऱ्या नळ्या असतात, त्या जिथे एकमेकींना जोडतात तिथली पितळी जोडणी. "भाऊजी, माझ्या सांध्यातून एक वेळ मुंगी जाईल, पण हवा जाणार नाही," असं तो छाती ठोकून सांगायचा. (मुंगी कशी जाईल हे मी कधी विचारलं नाही. त्याचा आवेशच असा असायचा की मुंगीसुद्धा गप्प बसली असती.)

मरोळच्या कुठल्याशा कारखान्याची कामगारांना ने-आण करणारी जुनी बस मोडीत निघाली होती. ती अरविंदने उचलली आणि दोन वर्षं रविवार-रविवार खपून तिचं चक्क घर केलं. आत पलंग, ओटा, शेगडी, पाण्याची टाकी आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे संडास! कारण हे सगळं आईंसाठी चाललं होतं. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय शहाऐंशी. मोटारीत तासभर बसल्या की त्यांचे पाय भोपळ्यासारखे सुजायचे. नऊ वर्षांत त्या कुडाळकडच्या आपल्या माहेरी गेल्या नव्हत्या. तिथे त्यांची थोरली बहीण, गंगूमावशी. वय नव्वद.

"माका एकदा तिका बघूक व्हया," आई म्हणायच्या. "ती माका ओळखता तोवर."

"तुला मोटारीत झोपून जाता येत नाही ना आई?" अरविंद म्हणाला होता. "मग मी तुझं घरच रस्त्याला लावतो!"

आणि लावलं पठ्ठ्याने! शुक्रवारी दुपारी ती बस आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या आवारात शिरली तेव्हा तिन्ही विंगांच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. सायीच्या रंगाची बस, तिला हिरवा पट्टा, खिडक्यांना पडदे. रविवारी सकाळी सातला आई, सुनंदा, अरविंद आणि मी असे चौघं निघणार होतो. आमचे सेक्रेटरी दिघे आत जाऊन संडासाची साखळी दोनदा ओढून आले आणि म्हणाले, "झकास! आमच्यापेक्षा बरा दाब आहे."

अरविंदने सगळ्यांना एकच ताकीद दिली. "समोर लिंबू-मिरची कोणी बांधायची नाही हं! दोन हात रंग दिलाय. आणि ही गाडी विज्ञानावर चालते."

तो हात धुवायला गेला आणि आईंनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"जावयबापू, गाडी दिसाक लय बरी आसा. लोकांची दिष्ट लागात. ह्या घ्या." पदराखालून एक लिंबू, सात मिरच्या आणि काळा दोरा निघाला. "दिसाचा नाय असा खंयतरी बांधा. आणि अरूक सांगू नकात!"

सासूबाईंनी चाळीस वर्षांत माझ्यावर सोपवलेलं हे पहिलं काम. मी बसखाली वाकून जागा शोधू लागलो. पोटाशी एक लोखंडी टाकी होती आणि टाकीच्या तळाशी एक छोटीशी कडी लोंबत होती. इतकी सोयीची कडी, की जणू बस बनवणाऱ्यांनी लिंबासाठीच ठेवली असावी! मी दोरा कडीत ओवला. लिंबू लोंबकळू नये म्हणून दोरा चांगला ताणून शेजारच्या पट्टीला गाठ मारली. दोनदा ओढून पाहिली. पक्की!

आता थोडं विज्ञान. अशा मोठ्या गाडीचे ब्रेक हवेवर चालतात. इंजिन चालू असलं की हवा टाकीत भरत राहते. हवा भरली की ब्रेक सुटतात, हवा गेली की ब्रेक चाकांना मगरीसारखे धरून बसतात. आणि टाकीत साचलेलं पाणी काढून टाकायला तळाशी एक झडप असते. ती उघडायची कशी? तिची कडी बाजूला ओढून.

हुशार वाचकांच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

शनिवारी सकाळी अरविंद आला, चालकाच्या जागेवर बसला आणि ओरडला, "भाऊजी! हवेचा काटा शून्यावर! काल आठवर होता!"

माझ्या अंगात वीज संचारली. चाळीस वर्षं मी एका कचेरीत आवक-जावक विभाग सांभाळला होता. आत आलेली वस्तू बाहेर कुठून गेली हे शोधण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं! शिवाय अरविंदने बस घेतल्यापासून मोबाइलवर गळती शोधण्याचे तीन व्हिडिओ मी पाहिले होते. (दोन कानडीत होते. पण चित्रं स्पष्ट होती.)

"घाबरू नकोस!" मी म्हणालो. "सोपं असतं. सांध्यांना साबणाचं पाणी लावायचं. जिथे बुडबुडे, तिथे गळती!"

"माहितीये भाऊजी. माझा धंदाच तो आहे."

"मग तू नळ्या बघ, मी साबण बघतो."

मी सुनंदाचा भांडी घासायचा साबण घेतला. व्हिडिओत म्हणे थोडा घ्यायचा असतो. पण गळती मोठी असेल तर थोडक्यात कसं भागणार? मी अर्धी बाटली बादलीत ओतली आणि रवीने घुसळलं. असा फेस आला की बादली दिसेना! तो मी रंगाच्या ब्रशने प्रत्येक सांध्याला फासला आणि काय सांगू, प्रत्येक सांध्यावर बुडबुडे!

"अकरा ठिकाणी गळतंय!" मी बसखालून गर्जना केली.

"भाऊजी, फेसच फासल्यावर बुडबुडे दिसणारच ना! नवे येतायत का ते बघायचं असतं."

"खुणा करून ठेवतो. सुनंदा, टिकल्या दे गं!"

"कसल्या टिकल्या?"

"तुझ्या! लाल!"

ओल्या लोखंडाला टिकल्या चिकटत नाहीत, पण माझ्या कपाळाला, कोपरांना आणि टकलाला छान चिकटल्या. तेवढ्यात दिघे फिरायला निघाले होते. बसखालून सरपटत येणारा, फेसाने माखलेला, लाल टिकल्या लावलेला म्हातारा पाहून ते दोन पावलं मागे सरले.

"रेगेकाका, काही व्रत वगैरे आहे का?"

इकडे अरविंदने इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "आधी नुसतं ऐकू या. शांत राहिलं तर सूं आवाज येतो."

"अगदी बरोबर," मी म्हणालो. "पूर्वी आमच्या कचेरीत एकदा नळ गळत होता, तर आमचा शिपाई..."

"भाऊजी, गप्प."

"गप्पच आहे. तर तो शिपाई काय करायचा, कान लावून..."

"भाऊजी!"

शेवटी त्याने विचारलं, "टाक्यांखालच्या झडपा बघितल्यात?"

टाकीखाली लिंबू होतं! अरविंदने ते पाहिलं असतं तर माझं आणि आईंचं, दोघांचंही बिंग फुटलं असतं. झडप कुठली, कडी कुठली, याचा मला पत्ताच नव्हता. माझ्या डोक्यात फक्त लिंबू!

"बघितल्या की!" मी म्हणालो. "एकदम चोख! तू तिकडे जाऊ नकोस, मी पाणी सांडलंय, चिखल झालाय."

त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. इथेच खरं पाप घडलं. बाकीचा सगळा नुसता फेस.

मग त्याने उरलेला एकेक सांधा तपासायला घेतला. मीही पाना घेऊन मदतीला गेलो. एक सांधा मला जरा सैल वाटला. आवळला. अजून आवळला. "कट्" असा आवाज आला आणि हवेचा असा फवारा सुटला की माझा चष्मा उडून कुंडीत पडला.

"काय झालं?"

"सापडली!" मी आनंदाने ओरडलो. "गळती सापडली!"

अरविंदने तुटलेला सांधा हातात घेतला. उलटसुलट करून पाहिला. "हा काल चांगला होता."

"काल होता," मी म्हणालो. ते मात्र शंभर टक्के खरं होतं.

त्याने नवा सांधा बसवला. संध्याकाळी काटा आठवर आला, आम्ही टाळ्या वाजवल्या. रविवारी सकाळी पुन्हा शून्य! अरविंदचा चेहरा उतरला. पण तो म्हणाला, "इंजिन चालू असलं की हवा टिकतेय. हळूहळू साकीनाक्यापर्यंत नेऊ. गाळ्यावर तासाभरात शोधतो आणि तिथून पुढे निघू. आई, चल!"

आईंना खुर्चीसकट चौघांनी उचलून आत नेलं. पलंगावर टेकल्या, उशी थोपटली, पडदा सारला आणि लहान मुलीसारख्या हसल्या. "आता गंगू बघीत रवात," म्हणाल्या. सुनंदा खाली उभी राहून डब्यांच्या पिशव्या मोजत होती, ती फाटकाबाहेर चढणार होती. मी पुढे अरविंदच्या शेजारी बसलो. सातचे दहा वाजले, पण बस हलली! बी विंगमधून कोणीतरी "गणपती बाप्पा..." म्हणालं, आम्ही "मोरया!" केलं आणि फाटकात पोचलो.

फाटकात समोरून पाण्याचा टँकर आला.

आदल्या रात्रीपासून सोसायटीला पाणी नव्हतं आणि बी विंगमध्ये साखरपुडा होता. टँकरवाला मागे जाईना. अरविंद फाटकातच थांबला. इंजिन नुसतं मंद घरघरत होतं, त्यात गळतीपुरतीही हवा भरेना आणि काटा उतरू लागला. सात... सहा...

"लवकर काढ रे बाबा टँकर," अरविंद पुटपुटला.

"थांब, मी सांगतो त्याला," म्हणून मी हॉर्नची दोरी ओढली. भोंऽऽऽ! टँकरवाला हलेना. पुन्हा ओढली. भोंऽऽऽऽऽ!

"भाऊजी, नको! हॉर्नपण हवेवरच चालतो!"

हे कानडीत सांगितलं असणार. काटा साडेतीनवर आला, कसलीशी घंटी पिपाणीसारखी वाजू लागली, "फुस्स" झालं आणि बस जागच्या जागी मेली. ना पुढे ना मागे. बरोबर फाटकात! डाव्या बाजूचं दार फाटकाच्या खांबाला भिडलेलं. अरविंद आणि मी चालकाच्या दारातून खाली उड्या मारल्या. शहाऐंशी वर्षांच्या आई काय उडी मारणार? त्या आतच.

मग जे झालं त्याला जत्रा म्हणतात! तिन्ही विंगा खाली उतरल्या. नवरदेवाकडची माणसं बाहेर, नवरीकडची आत आणि मध्ये आमची बस.

"धक्का मारा!" दिघे ओरडले.

"नाही हलणार, साहेब. ब्रेक धरलेत," अरविंद म्हणाला.

"अहो सतरा जण आहोत!"

"सत्तर असलात तरी."

तरी सतरा जणांनी धक्का मारला. बस तसूभर हलली नाही. दोघांच्या कमरेत उसण भरली, एकाचा झब्बा टरकला. (तो नवरदेवाचा मामा निघाला.)

"वाट लागली यार!" कोणीतरी म्हणालं. "पाणी नाय, नवरदेव नाय!"

एवढ्यात खिडकीचा पडदा सरला आणि आईंचं डोकं बाहेर आलं. "कोणाक पाणी व्हया काय? हय टाकीभर आसा!"

त्या वेळी साऱ्या सोसायटीत नळाला पाणी असलेलं एकच घर होतं आणि ते फाटकात अडकलं होतं! पाच मिनिटांत खिडकीखाली कळश्यांची रांग लागली. आईंनी ओट्यावर चहासुद्धा टाकला. नवरीची आई खालून विचारते, "साखर किती घालताय आजी?" आणि आई वरून, "तुमच्या घरात आज गोड आसा, मी कमी घालतंय!"

सगळे हसत होते. एक अरविंद सोडून. तो बसला टेकून उभा होता, हातात तो तुटलेला सांधा. दिघे त्याच्याकडे बघून म्हणाले, "काय हो, तुमचा धंदा हवेच्या सांध्यांचाच ना?" वाईट हेतू नव्हता. पण अरविंदचे कान लाल झालेले मला दिसले.

मी ठरवलं, आता मीच! बादली घेतली आणि बसखाली शिरलो. इंजिन बंद होतं. तोंडाखाली कळश्यांतून सांडलेल्या पाण्याचा चिखल असल्यामुळे दोन दिवसांत पहिल्यांदाच मी गप्प होतो.

आणि मला ऐकू आलं. सूंऽऽऽ.

आवाजाच्या दिशेने सरपटत गेलो. टॉर्च मारला. समोर माझं लिंबू! मिरच्या वाऱ्यावर हलाव्यात तशा हलत होत्या आणि बसखाली वारा नव्हता. दोरा ताणलेला, कडी तिरकी झालेली आणि कडीच्या मुळातून हवा माझ्या मिरच्यांवर फुंकर घालत होती.

मी दोन क्षण तसाच पडून राहिलो. मग किल्ल्यांच्या जुडग्यातलं नखं कापायचं यंत्र काढलं आणि दोरा तोडला. टिक! कडी सरळ झाली. सूं बंद.

"इंजिन चालू कर!" मी ओरडलो आणि लिंबू-मिरची सदऱ्याच्या खिशात कोंबून बाहेर आलो.

"चार!" अरविंद वरून ओरडला. "पाच! सहा! भाऊजी, चढतोय! सात! आठ! आठवर थांबला! टिकलाय!"

टाळ्या, शिट्ट्या, नवरदेवाच्या बँडवाल्यांनी तर एक तुकडा वाजवलासुद्धा! मी घाम पुसायला डोळ्यांवरून हात फिरवला. मिरचीचा हात! डोळ्यांतून अशा धारा लागल्या की बघणाऱ्यांची मनं हेलावली. "काकांना भरून आलं," नवरीची आई म्हणाली.

अरविंदने उडी मारली आणि माझे दोन्ही खांदे धरले. "काय होतं भाऊजी? कुठे होती गळती?"

सगळी सोसायटी ऐकत होती. खिशात लिंबू होतं. एक वाक्य बोलायचं होतं, बस.

"तुझाच एक सांधा ढिला होता," मी म्हणालो. "आवळला."

त्याने खांद्यांवरचे हात काढले. "कुठला?"

"आतला. खालचा. अंधारात होता."

"बघा!" दिघे म्हणाले. "पितळ उघडं पडलं!" आणि पुन्हा हशा झाला.

अरविंदने बस मागे घेतली, आवारात लावली, टँकर आत आला, नवरदेव आत आला. आम्हाला वाटलं आता निघू. पण त्याने किल्ली काढून खिशात टाकली. "आज नाही जायचं."

"अरे पण झालं ना ठीक?" सुनंदा म्हणाली.

"ताई, माझा ढिला सांधा मला दोन दिवस सापडला नाही. असे एकशे दहा सांधे आहेत आत. घाटात दुसरा सुटला तर? आईला घेऊन?"

"माका काय भ्या नाय," आई खिडकीतून म्हणाल्या. "मी बसतंय."

"मला आहे," अरविंद म्हणाला.

आईंनी माझ्याकडे पाहिलं. "जावयबापू, लिंबू खंय?" हळूच विचारलं.

"पडलं कुठेतरी," मी म्हणालो. डोळ्यांतून पाणी वाहतच होतं.

अरविंदने ते एकशे दहाच्या एकशे दहा सांधे उघडले आणि पुन्हा बसवले. रविवार-रविवार. चार महिने लागले. मग आम्ही गेलो. बस अशी गेली, अशी गेली, की घाटात ट्रकवाले वळून बघत होते! गंगूमावशींच्या अंगणात थांबली. अरविंदने आईंना हाताला धरून उतरवलं. मावशी ओट्यावर बसल्या होत्या. आई समोर जाऊन उभ्या राहिल्या. मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग बसकडे पाहिलं.

"गाडी बरी आसा," मावशी म्हणाल्या. "कोणाची? आणि ही बाय कोण?"

गावकरी म्हणाले, पावसाळ्यापर्यंत ओळखायच्या हो. ओळखेनाशा होऊन दोनेक महिनेच झाले.

आई त्यांच्या शेजारी बसल्या, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "माझ्या झिलाची आसा. बरी चलता." तो झील, म्हणजे अरविंद, नळाशी पाणी भरत होता. तेव्हाच सांगायचं होतं मला. मी पाणी प्यायला आत गेलो.

गेल्या महिन्यात अरविंदने मरोळला मोठा गाळा घेतला. नारळ फोडायला मलाच बोलावलं. मी ठरवूनच गेलो होतो. वाक्य पाठ केलं होतं : अरविंद, सांधा तुझा ढिला नव्हता, चूक माझी होती, मला माफ कर. गाडीत तीनदा म्हणून पाहिलं, सुनंदासमोर एकदा. ती म्हणाली, "आज नाही बोललात तर मी बोलीन." पण ऐन वेळी तिला हळदी-कुंकवाचं ताट लावायला आत नेलं.

नारळ फोडला. अरविंदने सगळ्या कारागिरांना गोळा केलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हे माझे भाऊजी. मी स्वतःला फार मोठा समजत होतो, तेव्हा माझा ढिला सांधा यांनी पकडला. त्या दिवसापासून आपल्याकडे प्रत्येक सांधा तीनदा तपासला जातो. आज हा गाळा उभा आहे तो यांच्यामुळे. भाऊजी, दोन शब्द बोला."

तीस माणसं माझ्याकडे बघत होती. पाणी प्यायला जायला वाट नव्हती.

"अरविंद," मी म्हणालो. "अरविंद, सांधा..."

"बोला ना, भाऊजी."

"सांधा... तीनदा तपासता ते ठीक आहे. पण तिसऱ्या वेळचा माणूस वेगळा ठेवत जा."

मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला म्हणता! अरविंदचे डोळे भरून आले. (त्याच्या हाताला मिरची नव्हती.) त्याने तिथल्या तिथे रंगाचा डबा मागवला आणि माझं वाक्य दारासमोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं, खाली माझ्या पूर्ण नावासकट. माफी मागायला गेलेला माणूस सुविचार होऊन परत आला!